चांदीचे दागिने घरी घडवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं टेराकोटाचे आणि मण्यांचे दागिने करते आहे. आता चांदीत हात घालायचा आहे. तयार चकत्या आणून तारेत ओवायच्या नाहीत. पत्रा कापायचा, वाकवायचा, झाळायचा, उजळायचा, सगळं पहिल्यापासून स्वतः करायचं आहे. पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, कामाला मागची बाल्कनी मिळेल. पहिलं उद्दिष्ट साधं आहे: एक अंगठी आणि जोडव्यांची एक जोडी, मला स्वतःला रोज घालता येतील अशी.

नेटवर 'बिगिनर किट' नावाचे मोठमोठे खोके दिसतात. त्यातलं नक्की काय लागतं? चांदी कुठली घ्यायची, ९२५ की शुद्ध? बाल्कनीत टॉर्च पेटवणं कितपत सुरक्षित? आणि आजीचे तुटके पैंजण कपाटात पडून आहेत, ते वितळवून वापरले तर चालतील का? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

ठिणगी

रानजाई, आधी मनापासून स्वागत. या कामाकडे हौसेने वळणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे असा प्रश्न आला की फार बरं वाटतं.

तो खोका घेऊ नका. या कामात खरी शिकायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे आच. कापणं, कानसणं, वाकवणं सवयीने जमतं, आणि टेराकोटा करता म्हणजे तुमच्या हाताला माप आहेच. पण चांदीला ताव किती लागला हे डोळ्यांनी ओळखायला वेळ लागतो. म्हणून पैसे आणि वेळ आधी आगीवर घाला, हत्यारं गरज पडेल तशी घेत जा.

चांदीचं म्हणाल तर अंगठी-जोडव्यांसाठी ९२५ घ्या. शुद्ध, म्हणजे ९९९ चांदी सुंदर दिसते पण मऊ असते, रोजच्या वापरात वाकते आणि झिजते. ९२५ मध्ये साडेब्याण्णव टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं, त्यामुळे कडकपणा येतो. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते, ९२५ ची वितळायला सुरुवात त्याआधीच, ८०० च्या थोडं वर होते आणि ८९० च्या आसपास ती पूर्ण पाणी होते. डाख, म्हणजे झाळताना सांधा जोडणारा मिश्रधातू, याच्याही आधी वाहायला हवी. म्हणजे सांधा जुळणं आणि अख्खी अंगठी कोसळून गोळा होणं यांच्यात फार अंतर नसतं. तेवढ्या अंतरात राहायला शिकणं हेच शिक्षण.

सुरुवातीला लागेल ते एवढंच: करवतीची चौकट आणि बारीक पाती (दोन-शून्य आणि चार-शून्य नंबरची), एक सपाट आणि एक अर्धगोल कानस, दोन पकडी, ज्यांच्या जबड्यांना दाते नाहीत अशा, लाकडी मोगरी, अंगठीची निमुळती लोखंडी दांडी, ब्यूटेनची हातातली टॉर्च, भट्टीची पांढरी हलकी वीट, चिमटा, टाकणखार (बोरॅक्स) आणि डाख. सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठेच्या भागात सोनारांच्या हत्यारांची दुकानं आहेत, तिथे हातात धरून बघून घ्या. करवतीचं पातं बसवताना दाते खाली, मुठीकडे आले पाहिजेत, आणि पातं बोटाने छेडलं तर टणत्कार झाला पाहिजे. सैल पातं पहिल्या वळणावर तुटतं.

आणि थेट चांदीवर जाऊ नका. तांब्याचा पत्रा आणि तार आणा, करवत, कानस आणि ताव या तिन्हींचा सराव तांब्यावर करा. चांदीचा भाव २०२५ मध्ये कुठे जाऊन पोचला ते सगळ्यांनी पाहिलं आहे, सराव त्यावर कशाला?

ताव देण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवशिक्यांना पुस्तकातून हे कळत नाही. चांदी ठोकली, वाकवली, ओढली की ती ताठर होते. तशीच रेटत राहिलात तर तडकते. मग तिला तापवून पुन्हा मऊ करायचं, ६०० ते ६५० अंशांपर्यंत. आपल्याकडे मापक नसतो, म्हणून रंग बघायचा: मंद, गुलाबीकडे झुकणारा लाल. हा रंग उन्हात दिसतच नाही. बाल्कनीत दुपारी काम केलंत तर चांदी वितळायला लागेपर्यंत तुम्हाला काही कळणार नाही. संध्याकाळी, सावलीत, वारा अडवून बसा. एक युक्ती: पत्र्यावर परमनंट मार्करने रेघ मारा. तापवताना ती रेघ उडून गेली की ताव आलाच समजा, आच काढून घ्या. लाली पूर्ण मावळली की मग पाण्यात विझवा.

रसायन

ठिणगी यांनी लिहिलंय त्याला माझं अनुमोदन. सुरक्षेबद्दल माझ्याकडून, कारण यात ढिलाई परवडत नाही.

डाख विकत घेताना 'कॅडमियम नसलेली' असं स्पष्ट सांगून घ्या. कॅडमियम घातलं की डाख कमी आचेवर छान वाहते, म्हणून सराफीत ती फार वर्षं चालली, केडीएम हे नाव त्यातलंच. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे आपण झाळतो त्याच तापमानाला त्याचा धूर निघतो. तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करतो, आणि त्याचा त्रास त्या क्षणी जाणवतोच असं नाही. फ्रिज-एसी दुरुस्तीवाले वापरतात त्या चांदीच्या कांड्यांमध्येही कॅडमियम असू शकतं. स्वस्त पडतात म्हणून त्या आणू नका.

झाळल्यावर चांदीवर काळपट थर आणि टाकणखाराची काच राहते, ती काढायला सोनार पातळ केलेलं गंधकाम्ल वापरतात. घरात ते नको. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घाला किंवा तुरटीचं गरम पाणी करा. वेळ जास्त लागतो, काम चोख होतं. त्या पाण्यात लोखंडी चिमटा कधीच बुडवू नका. वापरलेल्या पाण्यात तांबं उतरलेलं असतं, लोखंड आत गेलं की ते तांबं तुमच्या चांदीवर चढतं आणि अंगठी गुलाबी होऊन बाहेर येते. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा ठेवा. त्या भांड्यात परत स्वयंपाक करायचा नाही.

केस बांधलेले, ओढणी बाजूला, सुती कपडे, पायात बंद चप्पल, डोळ्यांना चष्मा. वीट कोरडी हवी, ओलसर वीट किंवा उघडं सिमेंट तापलं की तडतडून उडतं. बाल्कनीत सिलिंडर ठेवलेला असेल तर तिथे अजिबात नाही. पाण्याची बादली हाताशी असू दे.

दुपारचा_चहा

वाचतोय. एक बाळबोध शंका: एका अंगठीला चांदी लागते तरी किती? आणि माप कसं काढायचं? पत्नीच्या बोटाचं माप दुकानदार कड्यांनी घेतो, ते मला माहीत आहे, पण पट्टी किती लांब कापायची?

ठिणगी

चहा, शंका बाळबोध नाही, नेमकी हीच चूक सगळे करतात. बोटाचा घेर मोजून तेवढीच पट्टी कापली तर अंगठी घट्ट होते, कारण पत्र्याची जाडी आतल्या बाजूला जागा खाते. आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४. समजा आतला व्यास १७ मिलिमीटर आणि पत्रा १.२ मिलिमीटर, तर १८.२ गुणिले ३.१४, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या किंचित वर. कापताना थोडी जास्तच कापा, कानशीने खाली आणता येतं.

हीच पट्टी ३ मिलिमीटर रुंद असेल तर तयार अंगठी दोन ग्रॅमच्या जराशी वर भरते. म्हणजे एका तोळ्यात चार-पाच अंगठ्या. खर्च चांदीचा कमी, सुरुवातीला हत्यारांचाच जास्त.

हुपरीकर

रानजाई ताई, आजीच्या पैंजणांबद्दल मी लिहितो. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी, तालुका हातकणंगले. गावात चांदी हाच धंदा, आणि पैंजण ही आमची ओळख. एक पैंजण एका हातात तयार होत नाही. चांदी आटवणारा वेगळा, तार ओढणारा वेगळा, कड्या वळणं-जोडणं कित्येक घरांतून चालतं, घुंगरू वेगळे, झाळणारा वेगळा, उजळणारा वेगळा. बायकांचा यात मोठा वाटा आहे. दुपारी घरोघरी ओसरीत बसून कड्या ओवणाऱ्या बायका दिसतील. झाळायला बारीक किसलेली डाख आणि टाकणखार एकत्र कालवतात आणि प्रत्येक सांध्यावर बोट लावल्यासारखं लावत जातात.

हे एवढं सांगायचं कारण असं की पैंजणात जितक्या कड्या, तितके सांधे, आणि प्रत्येक सांध्यात डाख. डाखेत चांदीबरोबर पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. शिवाय जुने पैंजण किती टंचाचे, म्हणजे किती शुद्धतेचे, आहेत हे बघून सांगता येत नाही. पैंजण आपल्याकडे कमी टंचातही भरपूर घडवले गेले. ते सगळं तुम्ही मुशीत आटवलंत तर हाती येईल ती चांदी ना ९२५, ना आणखी काही. तशी लगड पत्रा करताना कडेने फाटते. नवीन माणसाला वाटतं आपला हात चुकतोय, आणि दोष असतो मालात.

दोन मार्ग आहेत. एक, टंच काढून घ्या. हल्ली मशीनवर क्ष-किरणांनी मिनिटात आकडा कळतो, फक्त मशीन वरच्या थराचं सांगतं, म्हणून जिथे झिजलंय त्या जागी बघायला सांगा. मग ती चांदी गलाईवाल्याला, म्हणजे आटवून शुद्ध करणाऱ्याला, देऊन बदल्यात शुद्ध चांदी घ्या, घट कापून. दुसरा मार्ग माझ्या मते जास्त चांगला. तुटलेत म्हणजे दोन-चार कड्याच गेल्या असतील. दुरुस्त करून घाला. जुन्या पैंजणांची गुंफण आता कोणी सहसा करत नाही, घडणावळ परवडत नाही. ती आटवली की गेली ती गेलीच.

रानजाई

हुपरीकर, खूप आभार. पैंजण आटवायचा विचार डोक्यातून काढून टाकला. दुरुस्तीच करून घेईन, आणि जमलं तर पुढे एखादी कडी स्वतः बसवेन.

जुन्या राणीछाप रुपयांबद्दलही एका काकांनी सुचवलं होतं, म्हणून तेही विचारून घेते.

हुपरीकर

राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे ९२५ च्या जवळच. पण १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा. दिसायला सारखे म्हणून एकत्र आटवले की घोटाळा. आणि राणीछाप तर मुळीच आटवू नका, त्याला जमवणारे चांदीपेक्षा जास्त देतात. तयार ९२५ चा पत्रा आणि तार बिलासह घ्या, त्यात डोकेदुखी नाही.

घरी मिश्रण करायची हौस पुढे कधी आलीच तर हिशोब सोपा आहे: ३७ ग्रॅम शुद्ध चांदीत ३ ग्रॅम तांबं, झाली ४० ग्रॅम ९२५. पण ते पुढे.

परदेशी_पाखरू

मी बर्मिंगहॅमला असते. इथे ज्वेलरी क्वार्टर म्हणून जुना भाग आहे, दीड-दोनशे वर्षांपासूनच्या कारखान्यांच्या गल्ल्या, आणि त्या परिसरात संध्याकाळचे वर्ग चालतात. मी तशाच एका वर्गात शिकले. वर्गाचा मोठा फायदा असा की बाक, वाकवायची यंत्रं, पॉलिशची चाकं हे सगळं तिथलं वापरायला मिळतं, घरी फक्त करवत-कानस लागते. पहिल्या दिवशी शिक्षिकेने आम्हाला कापायला फक्त रेघा दिल्या: सरळ, नागमोडी, कोपऱ्याची. तेव्हा कंटाळा आला होता, पण पुढे झाळताना कळलं की नीट कापलेला सांधा अर्धं काम करून ठेवतो. डाख फट भरून काढत नाही. सांधा उजेडासमोर धरा, फटीतून उजेड दिसला तर पुन्हा कानस घ्या.

इकडचा एक नियम लिहिते, कारण नात्यातल्यांना भेट म्हणून पाठवणारे विचारतात. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू 'चांदीची' म्हणून विकायची तर हॉलमार्क बंधनकारक आहे. इथलं तपासणी कार्यालय १७७३ पासूनचं. नवशिक्यांच्या अंगठ्या बहुतेक त्या वजनाच्या आतच असतात.

रानजाई, पुण्यात वर्ग नसेल जवळ तर एखाद्या कारागिराकडे बसता येईल का बघा.

ठिणगी

पाखरू यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, दुकानामागे बसणाऱ्या कारागिराला विचारा. पुण्या-मुंबईत त्यातले कितीतरी जण बंगालचे आहेत, अतिशय कुशल. फुंकणीने ज्योत बारीक-मोठी करत ते सांधा कसा धरतात ते शेजारी बसून एक दुपार बघितलं तरी व्हिडिओंपेक्षा जास्त कळतं. त्यांचा वेळ म्हणजे त्यांची मजुरी, तेव्हा पैसे ठरवून जा. फुकट शिकवा म्हणू नका.

रानजाई

तांब्यावर सराव झाला, रेघा कापून झाल्या, ताव ओळखता येऊ लागलाय. मार्करच्या रेघेची युक्ती अगदी बरोबर निघाली. आता चांदीच्या अंगठीवर अडलेय. सांधा जुळवला, टाकणखार लावला, वर डाखेचा तुकडा ठेवला आणि सांध्यावर ज्योत धरली. डाख गोळी होऊन तिथेच बसली. अंगठी लाल झाली तरी वाहिली नाही. काय चुकतंय?

ठिणगी

ज्योत सांध्यावर धरली, इथेच कारण आहे. उष्णता वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंत पहिली. तुम्ही एका जागी आच देता आणि ती क्षणात अख्ख्या अंगठीभर पसरून निघून जाते. सांधा तापेपर्यंत वेळ जातो, तोवर टाकणखार संपतो आणि डाखेतलं जस्त उडून जातं. जस्त गेलं की तीच डाख वाहायला आणखी जास्त आच मागते. मग ती गोळी होऊन रुसून बसते.

असं करा. जुनी डाख कानशीने पूर्ण काढा. सांधा पुन्हा स्वच्छ करा आणि नंतर बोट लावू नका, बोटाचं तेलसुद्धा डाखेला अडवतं. टाकणखार पाण्यात उगाळून दाट लावा, आत-बाहेर दोन्हीकडून. डाखेचा मिलिमीटरभर चौकोनी तुकडा सांध्याच्या खाली ठेवा आणि त्यावर अंगठी टेकवा. आता सुरुवातीला मोठ्या, मऊ ज्योतीने सांध्यासमोरची बाजू तापवा, ज्योत गोल फिरवत ठेवा. टाकणखार आधी साबुदाण्यासारखा फुगेल. घाई करू नका, जोरात आच दिली तर तो फुगताना डाखेला ढकलून देतो. मग तो खाली बसेल, पांढरा, चुरचुरीत दिसेल. अजून वेळ आहे. मग तो काचेसारखा पातळ आणि पारदर्शक होईल. हीच खूण. टाकणखार काच झाला म्हणजे डाखेची वेळ जवळ आली. आता ज्योत सांध्याकडे आणा, दोन्ही टोकं सारखी तापू देत. डाख आच जास्त असेल तिकडे धावते, म्हणून एक टोक जास्त तापलं तर ती त्याच टोकावर चढून बसते. सगळं जुळलं तर सांध्यातून एक लखलखीत रेघ सरकन वर येताना दिसेल. दिसली की त्या क्षणी ज्योत बाजूला. आणखी थोडं, आणखी थोडं करत राहिलात तर अंगठी हातची जाईल.

पहिल्या अंगठीला फक्त 'हार्ड', म्हणजे सगळ्यात जास्त आचेवर वाहणारी, डाख वापरा. पुढे एकाच वस्तूत दोन-तीन सांधे आले की आधी हार्ड, मग मीडियम, मग ईझी, म्हणजे नंतरच्या आचेत आधीचा सांधा सुटत नाही.

रसायन

आणखी एक. झाळून साफ केल्यावर ९२५ वर कुठे कुठे जांभळट डाग दिसले तर घाबरू नका. तापवताना आतलं तांबं हवेशी संयोग पावतं, तो त्याचा डाग. लिंबूसत्त्वाने पूर्ण जात नाही, घासूनच काढावा लागतो. पुढच्या वेळी अख्ख्या अंगठीला टाकणखाराचा पातळ लेप दिलात तर फार कमी पडतो.

रानजाई

जुळली! रेघ सरकन वर आली ती बघून मी जोरात ओरडलेच. सगळ्यांचे मनापासून आभार. मोगरीने दांडीवर गोल केली, ४००, ८००, १२०० नंबरच्या पेपरने घासली. सांधा कुठे आहे ते मलाच शोधावं लागतंय.

आता जोडवी. आणि एक मैत्रीण 'ऑक्सिडाइज्ड' लुक मागते आहे, ते घरी जमेल का?

ठिणगी

वा! अभिनंदन.

जोडव्यांना डाख लागतच नाही, ती पारंपरिकच उघडी असतात, बोटाप्रमाणे सैल-घट्ट करता येतात. दीड-दोन मिलिमीटरची तार ताव देऊन मऊ करा, दांडीवर वेढे घ्या, टोकं कानशीने गोल करा, नाहीतर शेजारच्या बोटाला टोचतात. आणि यात क्रम महत्त्वाचा: शेवटी ताव देऊ नका. सगळं झाल्यावर दांडीवर चढवून मोगरीने चौफेर हलकेच ठोका, म्हणजे चांदी ताठर होते आणि जोडवी चालताना पसरत नाहीत.

काळेपणासाठी रसायन नको. उकडलेलं अंडं गरम असतानाच कुस्करून झाकणाच्या डब्यात ठेवा, जोडवी त्यातच पण अंड्याला चिकटणार नाहीत अशी, एका वाटीत. गंधकाने काही तासांत काळी होतात. मग उंचवटे बारीक पेपरने उजळा, खाचांत काळं राहू द्या. मैत्रिणीला हेही सांगा की बाजारात ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं जर्मन सिल्व्हर असतं, तांबं-निकेल-जस्त. त्यात चांदी नावालाही नसते आणि निकेलने कित्येकांना खाज येते.

दुपारचा_चहा

रानजाई पुढे विकणार असतील तर हॉलमार्कचं काय? सक्तीचं आहे का?

हुपरीकर

सोन्याला सक्ती आहे, चांदीला अजून ऐच्छिक. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, जोडला आहे, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. हॉलमार्क करून घ्यायला बीआयएसकडे (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी लागते. हौसेच्या टप्प्यावर गरज नाही, पण विकलंत तर बिलावर ९२५ आणि वजन स्वच्छ लिहा, आणि पत्र्याचं खरेदीचं बिल जपून ठेवा.

आणि ताई, कानशीचा कीस आणि कापलेले तुकडे झाडून टाकू नका. मांडीवर किंवा टेबलाखाली कातडं, नाहीतर जाड कापड बांधा, त्यात पडेल ते डबीत साठवा. आमच्याकडे दुकानाच्या झाडलोटीची मातीसुद्धा झारेकरी पैसे मोजून नेतात आणि धुऊन त्यातून चांदी काढतात. फक्त तांब्याचा कीस आणि चांदीचा कीस एका डबीत नको, आणि डाखेचे तुकडे तर तिसऱ्या डबीत, वर चिठ्ठी लावून. डाख आणि चांदी डोळ्यांना सारखीच दिसते.

रानजाई

तीन डब्या आजच केल्या. जोडव्यांसाठी १.८ ची तार मिळाली आहे, २ ची संपली होती. चालेल ना?

ठिणगी

छान चालेल. तीन वेढ्यांऐवजी साडेतीन घ्या.